लग्न होऊन जाऊ दे, मग बघू?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई नोकरीसाठी पुण्यात असतात, माहेर ऊसपट्ट्यातल्या एका गावात. वडील ७१ वर्षांचे, घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. तरुणपणी गुऱ्हाळावर काम करताना उकळती काकवी उडून त्यांचं उजवं कानशील भाजलं होतं. पन्नास वर्षं तो चट्टा तसाच होता. दोन वर्षांपूर्वी त्यावर फोड आला, खपली धरायची आणि पडायची, पण जखम भरेना. तालुक्याच्या एका दवाखान्यात जागेवर भूल देऊन ती 'गाठ' काढली. काढलेला तुकडा तपासायला पाठवला नाही. सहा महिन्यांत ती तिथेच परत आली. आता चार सेंटिमीटरची जखम आहे आणि कानापुढे सुपारीएवढी गाठ हाताला लागते. शहरात बायोप्सी, सुईची तपासणी, सीटी स्कॅन झालं. त्वचेचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर निघाला, कानापुढच्या गाठीतही तोच. डॉक्टरांनी मोठं ऑपरेशन आणि नंतर शेक, म्हणजे रेडिएशन सांगितलं आहे. आण्णांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. चार महिन्यांनी, वैशाखात, त्यांच्या नातीचं लग्न आहे. भावाचं म्हणणं, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. आत्या म्हणतात, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. शेजारच्या तालुक्यात एक जण लेप लावून गाठ 'मुळासकट पाडतो' असं कळलं आहे. ताई विचारतात: 'या वयात आण्णांचा चेहरा कापायला लावणं बरोबर आहे का? आणि लावायचाच, तर लग्नाआधी की नंतर?'

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका ओळीवर थांबले. 'आण्णा हल्ली दुपारच्या उन्हातही टापर बांधून बसतात आणि पाहुणे आले की उजवी बाजू भिंतीकडे करतात.' तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. मला मात्र तुमच्या दोन्ही प्रश्नांची निम्मी उत्तरं तिच्यातच दिसली.

ज्या माणसाला काहीच माहीत नाही तो असं बसत नाही. आण्णा शहरात तुमच्याबरोबर आले, कॅन्सर विभागाच्या दारावरची पाटी त्यांच्यासमोर होती, बाकावर शेजारी कोण कोण बसलं होतं ते त्यांनी पाहिलं, परतीच्या प्रवासात तुम्ही दोघं भावंडं गप्प होतात तेही त्यांना कळलं. सगळं नसेल, पण बरंच त्यांना ठाऊक आहे. ते एकट्यानं ते सांभाळताहेत, आणि तुम्ही त्यांच्यापासून लपवताय. एकाच घरात दोन्हीकडून हे चाललं आहे.

दुसरं असं की, 'वय झालं, आता चेहऱ्याचं काय' असं तुम्ही एके ठिकाणी लिहिता आणि चार ओळींनंतर 'लग्नात चेहरा कसा दिसेल' याची काळजी करता. मग चेहऱ्याची चिंता नेमकी कोणाला आहे? टापर सांगतं की आण्णांनाही आहे. पण ते ऑपरेशननंतरच्या चेहऱ्यामुळे टापर बांधत नाहीत, आजच्या जखमेमुळे बांधतात. तुमच्या घरातली चर्चा 'चांगला चेहरा ठेवायचा की बिघडवायचा' अशी चालली आहे, आणि तिथेच ती चुकते आहे. चेहरा बिघडवण्याचं काम आजारानं सुरू केलं आहे. ते कुठे थांबवायचं, एवढंच आता हातात आहे.

मी पुष्कळ वर्षं डोकं आणि मानेच्या कॅन्सरची ऑपरेशनं केली, म्हणून थोडं त्या बाजूनं सांगते. तुमच्या डॉक्टरांनी कागद पाहिले आहेत, आण्णांना तपासलं आहे. मी यातलं काहीच केलेलं नाही. तेव्हा हे त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडावं एवढ्यासाठीच.

त्वचेचा कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे तो गोऱ्या लोकांचा, उन्हाचा आजार समजला जातो. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण आहे हे खरं. पण जुन्या भाजल्याच्या चट्ट्यातून, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेतून होणारा कॅन्सर आपल्याकडे नवा नाही. काश्मीरमध्ये फिरनच्या, म्हणजे पायघोळ अंगरख्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची लहान शेगडी, धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर तो होत आला आहे. घट्ट धोतर नेसून कमरेवर रोजच्या घासण्यानं होणाऱ्या कॅन्सरबद्दल मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं. भाजल्याच्या जुन्या चट्ट्यावरच्या अशा व्रणाला फ्रेंच सर्जन मार्जोलिन यांचं नाव आहे, त्यांनी १८२८ मध्ये त्याचं वर्णन केलं. भाजल्यापासून तीस, चाळीस, पन्नास वर्षांनीही तो उपटतो. आणि उन्हानं होणाऱ्या साध्या प्रकारापेक्षा तो आडदांड असतो, लसिकाग्रंथींकडे, म्हणजे शरीरात जागोजागी असलेल्या रोगप्रतिकाराच्या लहान गाठींकडे, लवकर सरकतो. आण्णांच्या कानापुढची गाठ ती हीच. कानशील, कपाळ, टाळू या भागातून आजार निघाला की त्याचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा कानापुढच्या लाळग्रंथीतल्या गाठींत पडतो, दुसरा मानेत.

म्हणून 'लग्न होऊन जाऊ दे' या वाक्याची मला भीती वाटते. भावाची माया मी समजू शकते. घरात पहिलं कार्य, आणि त्यात आजोबा दवाखान्यात, हे कोणालाच नको असतं. पण चार महिने म्हणजे या आजारासाठी मोठी मुदत आहे. काढल्या जागी तो सहा महिन्यांत परत उगवला आणि आता चार सेंटिमीटर झाला आहे, हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे. आज हाडाचा वरचा थर खरवडून भागेल असं डॉक्टर म्हणतात. तोच आजार आतल्या थरात उतरला, किंवा चेहऱ्याच्या नसेला, म्हणजे मज्जातंतूला, धरून आत सरकला, तर वैशाखानंतर सांगितलं जाणारं ऑपरेशन हे नसेल. कदाचित ऑपरेशनच नसेल.

आता पंचांगाऐवजी साधं कॅलेंडर घ्या आणि माझ्याबरोबर मोजा. फिटनेसच्या तपासण्या आणि तारीख मिळणं यात दोन-तीन आठवडे. ऑपरेशननंतर जखम भरायला चार ते सहा आठवडे. मग रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे. ते ऑपरेशननंतर शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असं पाहतात. बेरीज बारा ते पंधरा आठवडे. तुमच्या हातात सोळा-सतरा आहेत. सगळं वेळेवर झालं तर आण्णा उपचार संपवून मांडवात बसलेले असतील. थकलेले असतील, उजवा गाल शेकानं काळवंडलेला असेल, तोंड कोरडं पडल्यानं पंगतीत ताकाचं भांडं जवळ लागेल. पण बसलेले असतील. थांबलात, तर वैशाखात त्यांना मांडवात आणताना त्या जखमेला वास असेल, माश्या असतील, आणि टापर मग बसायचंही नाही. हे मी घाबरवायला लिहीत नाही. चार महिने थांबलेली माणसं मी तपासली आहेत.

तारखा मागे-पुढे झाल्या तर लग्नाची तारीख हलवा. कार्यालयाची अनामत बुडेल, ती बुडू दे.

आत्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण 'चाकू लागला की पसरतो' हे आपल्या निम्म्या घरांत बोललं जातं आणि त्यांना अडाणी म्हणून उडवून लावलं की काहीच साधत नाही. आत्यांनी काय पाहिलं? तालुक्याला गाठ कापली, आणि ती दुप्पट होऊन परत आली. त्यांच्या डोळ्यांसमोर हेच घडलं. निष्कर्ष चुकला, पण निरीक्षण खरं आहे. त्यांना हराळीचं उदाहरण द्या. शेतातल्या बाईला ते माझ्यापेक्षा चांगलं कळेल. हराळी वरून खुरपली तर आठ दिवसांत पुन्हा हिरवी होते, म्हणून खुरप्यानं हराळी पसरली असं कोणी म्हणत नाही. मुळी राहिली म्हणतात. पहिल्या वेळी वरचं खुरपलं गेलं. कडेला आणि तळाशी काय राहिलं ते बघायला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा होता, तो गेला नाही. आता जे सांगितलं आहे ते खणून काढणं आहे: दिसणाऱ्या जखमेच्या चहूबाजूंनी चांगली दिसणारी कातडीही एखाद्या सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहून जास्त, आणि खाली हाडापर्यंत. कडा साफ आहेत का हे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासता येतं. हाडाचं मात्र तेव्हा कळत नाही, त्याचा अहवाल आठ-दहा दिवसांनी येतो. बायोप्सीच्या सुईबद्दलही आत्यांच्या मनात तेच असेल. सुईशिवाय कानापुढच्या गाठीत काय आहे ते कळलंच नसतं आणि ऑपरेशन अर्धवट झालं असतं.

लेप लावणाऱ्याकडे जाऊ नका. इथे मी दुसरा पर्याय म्हणूनही त्याचा विचार करणार नाही. पण लेपानं गाठ 'पडते' ती कशी, हे सांगते, कारण पडलेली गाठ बाटलीत घालून दाखवली की भलेभले गप्प होतात. असे लेप कातडी जाळणारे असतात. जळालेला भाग काळा पडून खपलीसारखा सुटतो, खाली लाल कातडी दिसते आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. तळाशी काय उरलं ते कोणी बघत नाही. गंमत म्हणजे चेहऱ्याच्या कॅन्सरवरच्या अतिशय अचूक मानल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेची सुरुवातही लेपानंच झाली. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथे फ्रेडरिक मोह्स हे झिंक क्लोराइडचा लेप लावून कातडीचा थर जागच्या जागी कडक करत, मग तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. जिथे कॅन्सरच्या पेशी उरलेल्या दिसत तिथे पुन्हा लेप, पुन्हा थर, असं साफ होईपर्यंत. पुढे १९७०च्या दशकात लेप मागे पडला आणि ताजा तुकडा गोठवून तपासायची पद्धत रुळली. शस्त्रक्रियेला नाव मात्र मोह्स यांचंच राहिलं. म्हणजे रोगी बरा होत होता तो सूक्ष्मदर्शकामुळे. शेजारच्या तालुक्यातल्या माणसाकडे लेप आहे, सूक्ष्मदर्शक नाही.

(ज्या वाचकांना नाकाजवळ, पापणीच्या कोपऱ्यात लहानसा बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचाच दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर, निघाला आहे, त्यांनी मोह्सबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. आपल्याकडे ती मोजक्या ठिकाणी होते. आण्णांच्या बाबतीत आजार गाठींपर्यंत आणि हाडापर्यंत गेला असल्यानं तिचा प्रश्न येत नाही.)

आता ऑपरेशन. 'चेहरा कापणार' या दोन शब्दांनी घर हादरलं आहे, म्हणून त्यात नेमकं काय काय आहे ते सुटं करून बघू. जखम आणि भोवतीची कातडी निघेल. हाडाचा वरचा थर यंत्रानं घासला जाईल. कानापुढची लाळग्रंथी आणि मानेतल्या गाठी निघतील, त्यासाठी कानापुढून खाली मानेपर्यंत चीर येते. ती वर्षभरात सुरकुतीत मिसळते, लोकांना पुढे ती शोधावी लागते. खरी काळजी आहे ती चेहऱ्याच्या नसेची. ही नस त्या लाळग्रंथीतूनच जाते आणि पंख्यासारखी पसरते. कपाळाकडे जाणारी तिची फांदी थेट कानशिलावरून जाते, म्हणजे आण्णांच्या जखमेच्या अगदी जवळून. ती गेली तर उजवी भुवई खाली येईल, कपाळाला त्या बाजूनं आठी पडणार नाही. बाकीच्या फांद्या वाचल्या तर डोळा मिटेल, हसूही सरळ राहील. आजारानं मुख्य नसच धरली असेल तर मात्र डोळा पूर्ण मिटत नाही आणि चूळ भरताना ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळतं. तेव्हा सर्जनना हे स्पष्ट विचारा: 'नस वाचेल असं तुम्हाला वाटतं का? नाही वाचली तर डोळ्यासाठी त्याच वेळी काय कराल?' पापणी मिटावी म्हणून तिच्यात लहानसं वजन बसवता येतं, भुवई उचलून घेता येते. आणि आण्णांना विचारा, त्या गालावर मुंग्या चालल्यासारखं होतं का, कुठे बधिर वाटतं का. हे त्यांनी कोणाला सांगितलं नसेल. आजार नसेच्या कडेनं सरकतोय का, याची ती पहिली खूण असते, आणि सर्जनना ते आधी कळायला हवं.

उघड्या हाडावर नुसती पातळ कातडी चिकटवून चालत नाही. बोडकं रोप खडकावर लावल्यासारखं होतं, ते धरत नाही. म्हणून मातीच्या गोळ्यासकट रोप हलवावं तशी, स्वतःच्या रक्तवाहिनीसकट कातडी आणतात. ती शेजारच्या टाळूची वळवून घेता येते किंवा मांडीची आणून तिची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला जोडता येते. यालाच डॉक्टर फ्लॅप म्हणतात. आण्णांना हे सांगताना पुण्याच्या कुंभाराची गोष्ट सांगा, ती खरी आहे. ब्रिटिश फौजेबरोबरचा कावसजी नावाचा एक गाडीवान टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कुंभारानं मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ते कपाळावर मांडलं आणि तेवढी कातडी भुवयांच्या मध्ये जोडलेली ठेवून खाली वळवून नवं नाक केलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये हे छापून आलं, आणि ते वाचून तिथले सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तसं ऑपरेशन केलं. नाकाच्या कॅन्सरनंतर जगभर आजही कपाळाची कातडी अशीच वळवतात. मेणाऐवजी आम्ही टाक्याच्या धाग्याचं चकचकीत पाकीट कापून माप घेत असू, एवढाच फरक.

त्याच ऑपरेशनचा एक रुग्ण मला आठवतो. साठी उलटलेला, निवृत्त एसटी चालक. नाकाचा अर्धा भाग काढला होता आणि कपाळाची कातडी सोंडेसारखी नाकावर आली होती. ती तीन आठवडे तशी ठेवून मग मधला भाग कापतात. घरच्यांनी खोलीतला आरसा कपड्यानं झाकला होता. पाचव्या दिवशी ड्रेसिंग करताना त्यांनी आरसा मागितला. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी नर्सच्या हातातला छोटा आरसा त्यांना दिला. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मान इकडे-तिकडे केली, आणि विचारलं, 'मिशी कधी येईल?' ऑपरेशनसाठी मिशी भादरली होती. आम्ही सगळे सोंडेची काळजी करत होतो आणि ते मिशीची. तेव्हापासून मी नातेवाइकांना सांगत आले, की रुग्णाला कशाचं दुःख होईल ते आपण परस्पर ठरवू नये, त्याला विचारावं.

म्हणून आण्णांना विचारा. संमतीपत्रावर सही तर त्यांचीच लागणार आहे, पण ती दाराशी गाडी उभी असताना घेतलेली नको. सगळ्या घरानं एकदम बसून सांगू नका, त्याला पंचायतीचं रूप येतं. सकाळी गोठ्यात किंवा बांधावर, जिथे ते मोकळे असतात तिथे तुम्ही एकट्या जा. आधी सांगू नका, विचारा: 'आण्णा, डॉक्टर काय म्हणाले असतील असं तुम्हाला वाटतं?' ते बोलतील. नाही बोलले तर म्हणा, 'ती जखम साधी नाही निघाली.' मग थांबा. पुढचा प्रश्न त्यांच्याकडून येईल, आणि ते जेवढं विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्या. 'कॅन्सर' हा शब्द त्यांनी उच्चारला तर नाकारू नका. 'काही नाही हो आण्णा, किरकोळ आहे' असं म्हटलंत, तर मोठ्या ऑपरेशनचं कारण उद्या कसं सांगाल? नंतर भावाला बरोबर घेऊन तिघं सर्जनकडे जा आणि आण्णांना पुढच्या खुर्चीवर बसवा. प्रश्न त्यांना विचारू द्या.

आणि सगळं ऐकून ते 'नको' म्हणाले तर? तोही त्यांचा अधिकार आहे, आणि तो मी मनापासून मानते. पण ते 'नको' कशाला आहे ते नीट ऐका. पुष्कळदा ते खर्चाला असतं, मुलाच्या डोक्यावर कर्ज नको म्हणून असतं, किंवा भुलेतून उठणार नाही या भीतीनं असतं. या भीतीवर भूलतज्ज्ञांशी दहा मिनिटं बोलणं हा उपाय आहे. हृदय, साखर, फुप्फुसं बरी असतील तर ७१ हे वय नुसतं वय म्हणून आड येत नाही. नुसत्या रेडिएशनवर भागवता येतं, पण हाडाला लागलेल्या आणि जुन्या चट्ट्यातल्या आजारावर त्याची पकड कमी असते. सेमिप्लिमॅबसारखी प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं आली आहेत, अमेरिकेत २०१८ मध्ये या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली आणि ऑपरेशन शक्य नसलेल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत गाठी आकसल्या. त्याचा खर्च लाखांत जातो, आणि ऑपरेशन शक्य असताना आधी ऑपरेशन हाच आजही बहुतेक डॉक्टरांचा सल्ला असतो. काहीच करायचं नाही असं आण्णांनी समजून-उमजून ठरवलं, तर वेदनाशमन विभागाशी नाव जोडा. दुखणं, रक्त येणं, जखमेचा वास या सगळ्यावर त्यांच्याकडे उपाय असतात. उपचार नको म्हणजे दवाखानाच बंद, असं करू नका.

खर्चाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, कॅन्सरची ऑपरेशनं आणि रेडिएशन त्यात आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि कोणत्या उपचारांसाठी आहे, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भरती होण्याआधी विचारा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा. आधी भरती होऊन मग मंजुरीसाठी धावपळ करणारी माणसं फार पाहिली. दुसरं मत घ्यायचं असेल तर घ्या, पण दहा दिवसांत. फक्त अहवालाची झेरॉक्स नेऊ नका, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ठोकळा मागून न्या, म्हणजे पुन्हा तुकडा काढावा लागणार नाही. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात गेलात तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागा मिळण्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोला. ऑपरेशन एकीकडे आणि रेडिएशन घराजवळ, असंही करता येतं. सहा आठवडे रोज परगावी राहणं ७१ वर्षांच्या माणसाला ऑपरेशनपेक्षा जड जातं, हे आधीच सर्जनशी बोलून ठेवा. रेडिएशन सुरू होण्याआधी दात तपासून घ्या, हलणारे दात आधी काढावे लागतात.

घरी आल्यावरच्या दोन गोष्टी. त्या बाजूची कानाची पाळी बधिर असेल, तेव्हा दाढी वस्तऱ्यानं नको. आणि मानेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडतो, फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम सुट्टी न घेता करून घ्या. आण्णा बैल सोडायला हात वर करतील तेव्हा तुम्हाला त्याची किंमत कळेल. पहिली दोन-तीन वर्षं तपासण्या चुकवू नका; परत यायचा असेल तर हा आजार बहुतेक त्या काळातच येतो.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनाही एक विनंती आहे. आपल्या घरात जुना भाजल्याचा चट्टा असलेलं कोणी असेल आणि त्यावरची जखम महिनाभरात भरत नसेल, तर मलम बदलत बसू नका, बायोप्सी करा. नाकावरची काळी, चकचकीत, मध्येच रक्त येणारी चामखीळ ही चामखीळ नसू शकते. उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारी रांजणवाडी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, पापणीच्या तेलग्रंथीचा कॅन्सर अगदी तसाच दिसतो. आणि चेहऱ्यावरची कोणतीही गाठ, कुठेही, कितीही लहान काढली, तर निघताना विचारा, 'हे तपासायला पाठवलंत ना?' आण्णांच्या वेळी एवढं कोणी विचारलं असतं तर आज कानापुढची गाठ कदाचित नसती. यात तुमचा दोष नाही, ताई. विचारायचं असतं हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी तुमच्या पुतणीबद्दल. पत्र चार पानांचं आहे, लग्न तिचं आहे, आणि तिला काय वाटतं याची त्यात एक ओळही नाही. तिला आजोबांचं कळलंय का? आण्णांशी बोलून झालं, आणि त्यांची हरकत नसेल, की त्याच दिवशी तिला फोन करा. मुहूर्त पुढे ढकलायचा की नाही, हे भावानं आणि तुम्ही ठरवण्याआधी तिला ठरवू द्या.